चार बोटांची दोन

धाकट्याचं वजन कळायला ताईला काटा लागला नाही. न्हाणीघरात त्याचा पाय सरकला, त्याची लेक औषधं आणायला बाहेर गेली होती, तेव्हा ताईनेच त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं. उचललं आणि तशीच उभी राहिली. उभ्या आयुष्यात तिने काय उचललं नव्हतं? चाकं, टाक्या, चिखलात लोळून आलेल्या अख्ख्या गाड्या. त्यांच्या शर्यतीच्या मोटरसायकलचं इंजिन मात्र तिला एकटीला कधी उचलवलं नव्हतं, त्याला दोन माणसं लागायची. आणि भावाला ती एकटीने उचलून खुर्चीत बसवत होती, वर बोलायला श्वासही शिल्लक राहत होता.

"टॉवेल दे," धाकटा म्हणाला. "आणि तोंड असं करू नकोस. गाडीचा फोर्क वाकल्यासारखं दिसतंय."

ताईने टॉवेल दिला आणि तोंड सरळ केलं. त्याच दिवशी सकाळी दुकानात तिने त्या शर्यतीच्या गाडीचे मागचे दोन शॉक पूर्ण करून फळीवर ठेवले होते, आणि ते इतके छान झाले होते की घरी येताना ती चक्क गुणगुणत आली होती.

ताईचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, समोर लोखंडी शटर. मोटरसायकलींचे मागचे स्प्रिंगवाले शॉक आणि पुढचं चाक धरणारे फोर्क दुरुस्त करणं हा तिचा धंदा. लोक तिला स्प्रिंगवाली ताई म्हणत. अंगाने सडसडीत, तोंडाने फटकळ, हाताने अचूक, आणि नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. धाकटा तरुणपणी शर्यतीत गाडी चालवायचा तेव्हा त्याची गाडी जमिनीवर कशी बसावी हे ताई ठरवायची. फ्रेमचं काम त्यांचा दोस्त वेल्डर करायचा. तिघांनी मिळून एकच गाडी इतकी वर्षं सांभाळली की वेल्डरची बायको म्हणायची, माझं लग्न झालंय दोन चाकांशी आणि त्या दोघा भावंडांशी.

रस्त्यावरच्या गाडीवर कोणीही बसावं, तिची हरकत नसते. शर्यतीच्या गाडीची स्प्रिंग मात्र एका माणसाच्या वजनाला लावलेली असते. त्यांची त्यासाठी एक रीत होती. शर्यतीच्या आधी धाकटा कातड्याचा सूट घालून, हेल्मेट चढवून गाडीवर बसायचा. वेल्डर पुढे हँडल धरून गाडी सरळ ठेवायचा. ताई मागे उकिडवी बसून मागचं चाक आणि सीटखालचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हात घालायची. नुसती गाडी उभी असली की त्या फटीत तिची चार बोटं आडवी मावत. धाकटा बसला की दोन मावायला हवीत. चाराची दोन झाली की ताई एकच शब्द म्हणायची, "बसली." तो शब्द कानावर पडल्याशिवाय धाकटा मैदानात जात नसे.

एकदा, सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या दिवशी, चाराची तीनच झाली. आठवडाभर ताप अंगावर काढून पठ्ठ्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण वजन उतरलं होतं आणि बोटांनी चुगली केली. ताई म्हणाली, "नाही बसली." बाकीच्या गाड्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या, धाकट्याने हातमोजे फेकले, ओरडला, शेवटी विनवण्या केल्या. ताईने शब्द दिला नाही, आणि तो त्या दिवशी गेला नाही. पुढे महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. मग मात्र हाच किस्सा तो ज्याला त्याला सांगत सुटला. म्हणायचा, "सगळी दुनिया खोटं बोलेल, आमच्या ताईची बोटं बोलणार नाहीत."

आता तो आजारी होता. पोटाचं दुखणं, आणि बरं होणाऱ्यातलं नव्हे. हे त्याला ठाऊक होतं, मरणाविषयी तो सरळ बोलायचा, थट्टाही करायचा. फक्त एका गोष्टीचा त्याने धसका घेतला होता. वजनाचा आकडा त्याच्या कानावर येता कामा नये. घरातला काटा त्याने शेजाऱ्याला देऊन टाकला होता. डॉक्टरांनी आकडा लेकीला बाहेर नेऊन सांगायचा, अशी ताकीद होती. सदरे अंगावर लोंबायला लागले तर म्हणायचा, आजकाल कापडच ताणतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ घरातले सगळे मिळून झाकत होते.

अशात एक दिवस त्याने ताईला जवळ बोलावलं. "ताई, गाडी उभी कर गं. चालवायची नाही, मला काय वेड लागलंय? एकदा बसायचंय. मी बसणार आणि तू 'बसली' म्हणायचंस. मग मी मोकळा."

गाडी दुकानाच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली होती. इंजिनाच्या आतलं सगळं कधीच दुसऱ्या गाड्यांच्या कामी आलं होतं, नुसतं कवच उरलं होतं. ताईने शेवटचा बोल्ट निघेपर्यंत गाडी खोलली आणि सांगाडा वेल्डरकडे पाठवला. वेल्डरने हँडल बसतं त्या मानेपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोरा ताणून पाहिला. शेवटच्या अपघातात मान डावीकडे ओढली गेली होती. ती त्याने तापवून, थोडी थोडी खेचून जाग्यावर आणली. रंग खरवडल्यावर मागचं चाक धरणारा आर्म जिथे फ्रेमला मिळतो तिथे एक केसासारखा तडा सापडला.

"हा तडा घेऊन पळत होता तुझा भाऊ," वेल्डर म्हणाला. "मला तेव्हा दिसला असता तर मीच घाबरून मेलो असतो."

ताईने फोर्कच्या गंजलेल्या नळ्या घासून घेतल्या, त्यांवर नवा मुलामा चढवून आणला. आर्मसाठी पितळी बुश कातून घेतले, सगळी रबरी सील बदलली. मागचे शॉक तिने सर्वांत शेवटी हातात घेतले, कारण ते तिच्या सर्वांत आवडीचे होते. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या, त्याच्याच. धुतल्या, पूर्वीसारखा पिवळा रंग दिला आणि स्प्रिंग कमीजास्त दाबणारी खालची कडी फिरवून तिसऱ्या खाचेत बसवली. कायम तिथेच असायची ती.

आणि त्याच दिवशी न्हाणीघरात तिने त्याला उचललं. त्या स्प्रिंगांवर तो आता बसला तर गाडीला पत्ताही लागणार नव्हता. चाराची चारच राहणार होती. जो आकडा सगळं घर त्याच्यापासून लपवत होतं, तो गाडी त्याच्या तोंडावर सांगणार होती, आणि तोही ताईच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी ती वेल्डरकडे गेली. "नरम स्प्रिंगा टाकते," ती म्हणाली. "त्याच्या आताच्या वजनाच्या."

वेल्डरने चष्मा कपाळावर सरकवला. "कडी सैल कर ना मग. नव्या स्प्रिंगा कशाला?"

"कडीने एवढं भागत नाही. आणि बसायच्या आधी तो बोटाने खाच चाचपतो, माहीत नाही का तुला? तिसरीच लागली पाहिजे."

"ताई, तो माणूस ढुंगणाने वाचतो. मैदानात खडा आला तर त्याचा रंग सांगायचा. त्याला फसवणार तू?"

"तेव्हा वाचायचा. आता उशी घेतल्याशिवाय बसवत नाही त्याला."

वेल्डरने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, "तू कधी खोटा शब्द दिला नाहीस."

"म्हणूनच चालेल हा," ताई म्हणाली. ती भांडल्यासारखी बोलली आणि निघून आली.

तिने बारीक तारेच्या स्प्रिंगा वळवून आणल्या, दुसऱ्या जुन्या शॉकवर चढवल्या, पिवळा रंग दिला. खरे शॉक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिले. आता तपासायचं कसं? आकडा लेकीला विचारला असता तर लेक रडली असती. ताईने एक पोतं घेतलं, त्यात जुने बोल्ट, नट, मोडके गिअर भरले आणि काखेत हात घालावा तसं ते उचललं. जड वाटलं. थोडं काढलं. पुन्हा उचललं. आणखी काढलं. असं करता करता एकदा तिचे हात म्हणाले, एवढाच. भरलेल्यापेक्षा जमिनीवर काढून ठेवलेला ढीग मोठा होता. तिने ते पोतं सीटवर ठेवलं आणि फटीत हात घातला. चाराची दोन झाली होती. काम साधलं होतं, आणि ताई तिथेच चाकाला टेकून जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

ठरल्या दिवशी लेक त्याला मोटारीतून घेऊन आली. त्याने कातड्याचा सूट घातला होता. आत दोन स्वेटर होते. "गारठा आहे," तो उतरता उतरता म्हणाला, आणि दारात ऊन पसरलेलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. वेल्डरने मुजरा केला. "या राजे."

"राजे खालसा झाले," धाकटा म्हणाला. मग त्याला गाडी दिसली आणि त्याचं बोलणं थांबलं.

लाल सांगाडा, पिवळ्या स्प्रिंगा, काळी सीट. तो भिंतीला धरत धरत गेला आणि मानेपासून मागेपर्यंत फ्रेमवरून हात फिरवत आला. वेल्डिंगच्या जागी बोट थांबलं. "इथे तडा होता?"

"होता," वेल्डर म्हणाला.

"मला वाटायचंच. डाव्या वळणात कुरकुरायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं." इंजिनाच्या कवचावर त्याने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. "हिच्याही पोटात काही नाही, माझ्याही. जमेल आमचं."

मग सवयीने त्याचं बोट शॉकच्या कडीवर गेलं. तिसरी खाच. त्याने समाधानाने मान हलवली.

वेल्डरने हँडल धरलं. लेकीने आधार दिला. धाकट्याने पाय टाकला, दोनदा जमला नाही, तिसऱ्यांदा जमला, आणि तो बसला. गाडी त्याच्याखाली सावकाश दबली. ताई उकिडवी बसली, तिचे गुडघे वाजले, तिने फटीत हात घातला. दोन बोटं. बरोबर दोन. तिला भावाचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

"बसली," ताई म्हणाली.

धाकट्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते, पण तो तोंडभर हसत होता. "ऐकलंस?" तो लेकीला म्हणाला. "त्या डॉक्टरांना सांग, काटा दुरुस्त करून घ्या म्हणावं. गळालो म्हणे! मी आहे तेवढा आहे." लेक हसली, तिला कितीतरी दिवसांनी तो असा दिसत होता. ताईचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलल्याचं तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. पुन्हा बोलावं लागलं तर ती पुन्हा बोलली असती.

इथेच थांबायला हवं होतं. पण त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला की हा माणूस लहानपणापासून हातातलं देऊन टाकायचा. तो खाली उतरला, खोक्यावर टेकला आणि लेकीला म्हणाला, "आता तू बस."

"मी?" या गाडीवर त्याच्याशिवाय कोणी बसत नसे. लेक लहान असताना एकदा चढली होती तर तिला रडवून उतरवलं होतं. "बाबा, तुमच्याशिवाय कोणी..."

"आता ती तुझी. बस."

"राहू दे आज," ताई घाईने म्हणाली. "शॉक नवे आहेत, जरा रुळू देत."

"नवे? तू तर म्हणालीस जुनेच आहेत," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात लेकीने पाय टाकला होता. चांगली धडधाकट पोर, बापावर गेलेली, बाप पूर्वी होता तशी. ती सीटवर टेकली आणि गाडी जी खाली गेली ती थेट तळाला. ठक्कन आवाज आला, लोखंडावर लोखंड.

"अगंबाई! मोडलं का काही?" लेक गडबडून उतरली. "आत्या, एवढी जाड झालेय का मी?"

कोणी हसलं नाही. वेल्डर उगीच हँडलचा रबर पुसू लागला. धाकटा ताईकडे बघत होता. ज्या स्प्रिंगांनी त्याला आणि त्याच्या सुटाला मैदानभर पेललं होतं, त्या एका पोरीच्या वजनाने तळाला लागत नसतात. हे त्या खोलीत तिघांना कळत होतं.

"तू नाही गं," तो लेकीला म्हणाला. आवाज अगदी साधा ठेवून. "तुझ्या आत्याने तेल कमी घातलं. म्हातारी झाली बिचारी. जा, मोटारीतून माझं औषध घेऊन ये."

लेक गेली. धाकट्याने फळीकडे पाहिलं. "आमचे कुठेत?"

ताईने नुसती हनुवटी वर केली. फळीवर, फडक्यात.

"लाव."

"कशाला रे? राहू दे ना."

"ताई, लाव."

एका शॉकला वर एक बोल्ट, खाली एक. काम किती ते! धाकटा खोक्यावर बसून पूर्वीसारखा हात पुढे करून होता. निघालेला बोल्ट तिने त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि हवा तेव्हा त्याने परत द्यायचा. लेक औषध घेऊन आली आणि दारातच थांबली. एका बाजूला पडलेले पिवळे शॉक आणि फडक्यातून निघालेले पिवळे शॉक तिने पाहिले. तिने औषधाची बाटली छातीशी धरली.

तो पुन्हा बसला. या वेळी गाडी हलली नाही. जणू तिच्यावर कोणी कोट काढून ठेवला होता. त्याला ते कळलं, त्याच्या खांद्यांवरून ते दिसलं. ताई मागे बसली, तिने हात फटीत घातला. चारही बोटं आत गेली.

"सांग," तो म्हणाला.

ताईने बोटं काढून पुन्हा आत घातली.

"तुझ्या बोटांवर मी गाडी चालवली गं. शेवटच्या वेळी मला फसवू नकोस. सांग."

"नाही बसली," ताई म्हणाली.

त्याने मान डोलावली. टाकीवर हात ठेवला. "केवढा झालोय मी?"

"इंजिनापेक्षा हलका."

"भरलेल्या इंजिनापेक्षा?" त्याने हसायचा प्रयत्न केला, आणि मग हसू मोडलं, तो रडला. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो सगळ्यांसमोर रडत होता. "तरीच. कधीकधी वाटतं, खिडकी उघडी राहिली तर जाईन उडून." सुटाच्या बाहीने त्याने नाक पुसलं. "स्प्रिंगा छान केल्या होत्यास. मघाशी पाच मिनिटं होतो की मी, पूर्वीएवढा."

"चुकले मी."

"चुकली नाहीस. पण तो ठक्क आवाज माझ्या पोरीच्या वाट्याला आला, ते बरं नाही झालं." तो टाकीच्या दिशेने पुढे सरकला. अगदी सहज सरकला, सीटवर भरपूर जागा झाली. "ये, बस मागे."

"मी? माझे गुडघे बघ."

"इतकी वर्षं मागे नुसती हात घालून बसलीस. ये."

वेल्डरने हँडल घट्ट धरलं. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर स्वेटरांच्या आत हाड लागलं. ती चढली, कशीबशी मागे मावली, आणि पडू नये म्हणून तिने त्याच्या कमरेभोवती हात टाकले. हात पुरून उरले. दोघांच्या भाराने गाडी सावकाश दबली. ती जुनी, ओळखीची चाल ताईला आयुष्यात पहिल्यांदा वरून कळली.

"पोरी," धाकटा लेकीला म्हणाला, "औषध ठेव खाली. मागे ये. बस उकिडवी. चाकाच्या वर फट आहे, हात घाल तिच्यात. बोटं आडवी."

लेकीने हात घातला. "दोन, बाबा. दोनच जातायत."

"चाराची दोन झाली की काय म्हणायचं?"

तिला ते ठाऊक होतं. लहानपणापासून तो किस्सा ऐकत आली होती. पण तिला बोलायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्याने दिला.

"बसली," लेक म्हणाली.

धाकट्याने पाठ मागे टेकवली, ताईच्या अंगावर. ताईने त्याला धरून ठेवलं. उतरायचं कोणी नाव काढेना. पुढे वेल्डर हँडल धरून उभा होता. त्याचे हात भरून आले होते, तरी त्याने गाडी सरळ धरून ठेवली.